खाल्ल्या मिठाला जागायचं कोणी? राज्यशास्त्राचे तरुण अभ्यासक, पुरस्कार आणि अधिछात्रवृत्त्या



मागच्या व्याख्यानानंतर जिना उतरताना एका मुलाने आम्हाला गाठलं. राज्यशास्त्रात एम.ए. झालेला, नेटची तयारी करतोय. म्हणाला, "सर, सरकारची फेलोशिप घेतली तर सरकारला न आवडणारं लिहिता येतं का हो?" आम्ही घाईत होतो. "येतं की, न यायला काय झालं?" असं म्हणून रिक्षात बसलो. पण घर येईपर्यंत आमचं उत्तर आम्हालाच पटेनासं झालं. म्हणून आज संयोजकांच्या परवानगीने ठरलेला विषय थोडा पुढे ढकलून आपण या प्रश्नाकडे बघणार आहोत. तो मुलगा आज आलाय की नाही ठाऊक नाही. आला असेल तर ही त्याची थकबाकी समजावी.

आधीच एक कबुली. आम्ही तत्त्वज्ञानाचे. राज्यशास्त्राच्या घरात आमचं जाणं-येणं राजकीय विचारांच्या दाराने, म्हणजे प्लेटो, हॉब्ज, मिल वगैरे मंडळींबरोबर. शेजाऱ्याला जसं घरातलं भांडण ऐकू येतं, पण वाटणीत हिस्सा नसतो, तशी आमची जागा. त्या जागेवरून जे दिसलं ते सांगतो.

सुरुवात शब्दांपासून करू. शिष्यवृत्ती, अधिछात्रवृत्ती आणि पुरस्कार हे तीन शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. शिष्यवृत्ती शिकणाऱ्याला. तिच्याबद्दल फार बोलायला नको. अधिछात्रवृत्ती हा फेलोशिपसाठी सरकारी कागदावरचा शब्द. बोलताना कोणी वापरत नाही, पण अर्ज भरताना त्याच्याशी गाठ पडतेच. ती संशोधन करणाऱ्याला मिळते. पुरस्कार मिळतो तो केलेल्या कामाला. आता यात खरा फरक काय? पुरस्कार मागे बघून देतात. प्रबंध लिहून झालेला असतो, परीक्षकांनी वाचलेला असतो. फेलोशिप पुढे बघून देतात. काम अजून झालेलंच नाही, फक्त आठ-दहा पानांचा प्रस्ताव समोर आहे. पुरस्कार म्हणजे शाबासकी, आणि फेलोशिप म्हणजे उधारीवर ठेवलेला विश्वास. फेलोशिप पैशाच्या रूपात दिसते, पण ती देते वेळ. तीन-चार वर्षं शिकवण्या घेऊ नकोस, तासिका तत्त्वावर तीन कॉलेजांत धावू नकोस, बस आणि वाच, असं ती सांगते. आपल्याकडे तासिका तत्त्वावर राबणाऱ्यांना हा वेळ काय किमतीचा आहे ते वेगळं सांगायला नको.

हे सगळ्या विषयांना लागू आहे. मग राज्यशास्त्राचं वेगळं काय? बघा, केळीवर पडणाऱ्या रोगाचा अभ्यास करणाऱ्याला केळ पगार देत नाही. केळीबद्दल काहीही निष्कर्ष काढला तरी केळ रुसत नाही. राज्यशास्त्राच्या अभ्यासकाचं तसं नाही. तो सत्तेचा अभ्यास करतो, आणि अभ्यासाचा पैसा बहुतेक वेळा सत्तेकडूनच येतो. सरकारकडून, संस्थानिकाकडून, उद्योगपतीने स्थापन केलेल्या निधीकडून, नाहीतर परदेशी सरकारकडून. म्हणजे नमुना आणि दाता एकच. आपल्या भाषेत यासाठी एक जुना दंडक आहे, खाल्ल्या मिठाला जागावं. जिन्यातल्या त्या मुलाच्या प्रश्नामागे हेच मीठ होतं.

आता आपल्याच इतिहासातली गोष्ट घेऊ. पेशवाईत श्रावणात पुण्याला पर्वतीच्या रमण्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. इंग्रज आले. त्यांनी हा खर्च एकदम बंद केला नाही, वळवला. १८२१ साली विश्रामबागवाड्यात जी संस्कृत पाठशाळा निघाली ती या दक्षिणेच्या पैशातून. पुढे १८४९ मध्ये पुण्यातल्या सुधारकांनी अर्ज केला की यातला काही पैसा मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा. केवढा गहजब झाला! जोतीराव फुले त्या वेळी अर्जदारांच्या पाठीशी उभे राहिले. आज आपण 'मेरिट', 'मेरिट' म्हणून जे भांडतो, ते भांडण या शहरात पावणेदोनशे वर्षांपूर्वी होऊन गेलं आहे. विद्वत्ता म्हणजे पाठांतर की नवीन ग्रंथ? संस्कृत की मराठी? कोणाच्या घरात जन्मलेल्याची? याच निधीतून नंतर कॉलेजातल्या हुशार तरुणांना 'दक्षिणा फेलो' नेमू लागले, आणि त्यांत होते महादेव गोविंद रानडे.

रानड्यांची जी गोष्ट आम्हाला सांगायची आहे ती त्यांच्या चरित्रांतून येते. एल्फिन्स्टन कॉलेजात असताना त्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्याची इंग्रजी राज्याशी तुलना केली, आणि ती इंग्रजांना अनुकूल नव्हती. प्राचार्य होते सर अलेक्झांडर ग्रँट. त्यांनी बोलावून समज दिली की जे सरकार तुला शिकवतंय त्याचीच निंदा करायचं तुला कारण नाही. आणि शिष्यवृत्ती सहा महिने बंद! हे ग्रँट कोण, तर ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राची नावाजलेली आवृत्ती काढणारे विद्वान. आम्ही विद्यार्थिदशेत तिचा आधार घेतलाय, म्हणून जरा ओशाळल्यासारखं होतं. ते वाईट शिक्षक नव्हते, रानड्यांच्या बुद्धीचं त्यांना कौतुक होतं. म्हणूनच ही गोष्ट महत्त्वाची. दुष्ट माणसाने केलं असतं तर त्यात शिकण्यासारखं काही नव्हतं.

ग्रँटसाहेबांचा मुद्दा नीट मांडू या, कारण आजही तोच मांडला जातो. मुद्दा असा : सरकार तुला पोसतं, सबब सरकारशी कृतज्ञ राहा. यात चूक कुठे आहे? चूक 'सरकार पोसतं' या दोन शब्दांत आहे. मुंबई इलाख्याच्या तिजोरीतला पैसा कोणाचा? शेतसाऱ्याचा, मिठावरच्या कराचा, म्हणजे रयतेचा. आणि दक्षिणा फंडाचं मूळ तर त्या मराठी राज्यातच, ज्याची बाजू निबंधात घेतली होती! मीठ खाल्लं हे खरं, पण ते होतं कोणाचं? सरकार हा वाढपी. पंगतीत वाढप्याचे आभार जरूर मानावेत, पण जेवण त्याच्या घरचं नसतं. रयतेच्या मिठाला जागायचं तर राज्य कसं चाललंय हे खरं खरं सांगणं हेच जागणं. रानड्यांचा सूर सहा महिन्यांत बदलला का? १९०० साली त्यांचा मराठी सत्तेच्या उदयावरचा ग्रंथ आला. उत्तर तिथे आहे.

कोणी म्हणेल, ही पारतंत्र्यातली गोष्ट झाली. बरं, मग अमेरिकेत जाऊ.

अमेरिकन राज्यशास्त्र संघटना १९०३ साली स्थापन झाली. दरवर्षी ती नव्या अभ्यासकांच्या प्रबंधांना पुरस्कार देते, प्रत्येक उपशाखेला निराळा. राजकीय तत्त्वज्ञानातल्या उत्तम प्रबंधाला लिओ स्ट्रॉस यांच्या नावाचा आणि तौलनिक राजकारणातल्या प्रबंधाला गेब्रिएल आमंड यांच्या नावाचा. नव्या पीएच.डी.धारकाला हे नाव आपल्या माहितीपत्रात लिहायला मिळणं म्हणजे नोकरीचं दार किलकिलं होणं. आमंड हे नाव आपल्या एम.ए.च्या मुलांना पाठ असतं. राजकीय संस्कृती, 'द सिव्हिक कल्चर', १९६३, सहलेखक व्हर्बा. परीक्षेत हमखास येतं. पण या आमंडसाहेबांच्या स्वतःच्या प्रबंधाचं काय झालं, हे मात्र कोणी विचारत नाही.

त्यांनी १९३८ साली शिकागो विद्यापीठात प्रबंध पूर्ण केला. विषय होता न्यूयॉर्क शहरातले धनाढ्य आणि तिथलं राजकारण. त्यात जॉन डी. रॉकफेलर यांच्याबद्दल काही न रुचणारा मजकूर होता. आणि शिकागो विद्यापीठ उभं राहिलं होतं रॉकफेलर यांच्या देणगीवर. विभागाचे प्रमुख चार्ल्स मेरियम. अमेरिकेतल्या सामाजिक शास्त्रांच्या संशोधनाला पैसा मिळावा म्हणून १९२३ मध्ये जी परिषद निघाली, तिचे हे एक जनक. म्हणजे तरुण संशोधकांना फेलोशिप मिळवून देणारा माणूस. त्यांनी प्रबंध छापायची शिफारस केली नाही. पदवी मिळाली, प्रबंध कपाटात गेला. तो पुस्तकरूपाने आला १९९८ साली. साठ वर्षांनी! आमंड तोवर ऐंशी ओलांडून गेले होते. ज्यांचा स्वतःचा प्रबंध साठ वर्षं निघाला नाही, त्यांच्या नावाने आज सर्वोत्तम प्रबंधाचा पुरस्कार दिला जातो. हे कळल्यापासून आम्हाला तो पुरस्कार जास्तच आवडू लागलाय.

इथे लक्षात घ्या, कोणी बंदी घातली नाही. रॉकफेलर यांच्याकडून निरोप आला होता असंही कोणी म्हणत नाही. मेरियम यांनी आपण होऊनच अंदाज बांधला. दात्याला काय आवडणार नाही याचा अंदाज मधला माणूस बांधतो, आणि दात्यापेक्षा चार पावलं पुढे जाऊन बांधतो. आमच्या अनुभवात सगळी मेख या मधल्या माणसात आहे. तो विभागप्रमुख असतो, मार्गदर्शक असतो, निवड समितीचा सभासद असतो.

आता आम्ही स्वतः मधले माणूस होतो तेव्हाची गोष्ट सांगतो. संस्थेचं नाव घेत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका निवड समितीत राजकीय विचारांचा जाणकार म्हणून आम्हाला बोलावलं होतं. एक मुलगी मुलाखतीला आली. तिचा विषय होता सहकारी साखर कारखान्याची निवडणूक आणि त्याच मंडळींच्या शिक्षणसंस्थांतल्या नेमणुका, यांचा संबंध. प्रस्ताव उत्तम. दोन कारखाने निवडले होते, मतदारयाद्या कुठून मिळतील, नेमणुकांच्या जाहिराती कशा जुळवायच्या, सगळं मांडलेलं. समितीतल्या एका ज्येष्ठांनी चष्मा काढला आणि मायेने म्हणाले, "बाळ, विषय फार मोठा होतोय असं नाही वाटत?" विषय मोठा नव्हता, उलट नेमका होता. टेबलाभोवतीच्या सगळ्यांना ते कळत होतं. आम्हालाही. आम्ही चहाच्या कपात बघत बसलो. तिला फेलोशिप मिळाली, विषय बदलून. पुढे पंचायत राज्यावरचा तिचा प्रबंध आम्ही चाळला. नीटनेटका आहे, संदर्भ चोख आहेत, आणि कोणालाही कुठेही बोचत नाही. आमंड यांनी निदान लिहिलं तरी होतं, कपाटातून काढायला काहीतरी होतं. हिच्याकडून आम्ही ते लिहूच दिलं नाही. त्या ज्येष्ठांना दोष देऊन आम्ही मोकळे होऊ शकत नाही, कारण समितीला बहुमत लागतं आणि ते आमच्या गप्प बसण्याने पुरं झालं.

असो.

तर मग सत्तेचा पैसा घेऊच नये का? काही सोवळी मंडळी तसं म्हणतात. ज्यांच्या घरी चार पिढ्यांचं बस्तान आहे त्यांनी खुशाल म्हणावं. आमच्यासमोर मात्र १९१३ सालचा एक करारनामा येतो. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड आणि भीमराव रामजी आंबेडकर. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिक्षण, आणि परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी. तारण काय तर स्वतःची दहा वर्षं. कोलंबियात पदव्युत्तर शिक्षणाच्या ज्या विद्याशाखेत ते होते तिचं नावच राज्यशास्त्र विद्याशाखा. अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र सगळं तिच्यात मोडायचं. तिथे त्यांनी काय केलं बघा : अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राजकारणाचे ३. शिवाय फ्रेंच आणि जर्मन. हा तक्ता आम्ही वर्गात फळ्यावर लिहीत असू. अधाशासारखं शिकणं म्हणजे काय ते दिसतं. १९१६ च्या मे महिन्यात जातिसंस्थेच्या उगमावरचा तो प्रसिद्ध निबंध तिथल्या परिसंवादात वाचला. तोही याच साडेअकरा पौंडांतून आलेला.

पण फेलोशिप संपण्याचीही गोष्ट आहे. लंडनला प्रवेश घेतला आणि मुदत संपली. संस्थानच्या दिवाणांनी वाढ नाकारली, १९१७ मध्ये परत यावं लागलं. करार होता म्हणून बडोद्याला नोकरीवर गेले. तिथे शिपाई लांबून फायली टाकत, राहायला जागा मिळेना, पारशी खाणावळीतून काठ्या दाखवून बाहेर काढलं. दहा वर्षांची अट काही महिन्यांतच निरर्थक झाली. बघा, दात्याने पैसा दिला, पण त्या पैशाने शिकलेल्या माणसाला ठेवून घेणारा समाज त्याच्या हाताखाली नव्हता. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने उसने दिले, तेव्हा १९२० मध्ये पुन्हा लंडन. तीन वर्षांची खोट. १९२५ साली कोलंबियाचा प्रबंध, ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा, छापून आला तेव्हा अर्पणपत्रिका सयाजीरावांना होती, शिक्षणातल्या मदतीबद्दल. आणि आत साम्राज्याच्या आर्थिक कारभाराची परखड चिकित्सा. कृतज्ञता अर्पणपत्रिकेत, चिकित्सा प्रकरणांत. दोन्ही एका बांधणीत नांदतात. कृतज्ञता आणि आज्ञाधारकपणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे नीतिशास्त्राच्या वर्गात समजावताना आम्हाला याहून चांगलं उदाहरण सापडलं नाही.

आता आजचं. इथे थोडा हिशेब करावा लागेल.

राज्यशास्त्राच्या मुलासाठी सर्वांत मोठं दार म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती, बोलीभाषेत जेआरएफ. १ जानेवारी २०२३ पासून ती महिना ३७,००० रुपये आहे, दोन वर्षांनंतर ४२,०००. घरभाडं वेगळं. रक्कम बरी आहे, नाही म्हणणार नाही. पण दार उघडतं नेट परीक्षेने. पहिला पेपर ५० प्रश्न, दुसरा १००, तीन तास, सगळे पर्यायी. कोणतं पुस्तक कोणत्या साली आलं याच्या जोड्या लावा. हॉब्ज कशाला घाबरत होता हे कळण्यासाठी 'लेव्हायथन' १६५१ सालचं आहे एवढं पुरत नाही, पण जोडी लावायला पुरतं. आणि राज्यशास्त्राची प्रश्नपत्रिका इंग्रजी किंवा हिंदीत. मराठीत एम.ए. केलेल्या मुलाला आपल्या राज्याची सेट परीक्षा मराठीतून देता येते, पण सेटने शिकवायची पात्रता मिळते, फेलोशिप नाही. म्हणजे शिकवायला मराठी चालते, संशोधनाच्या पैशाला चालत नाही. १८४९ च्या अर्जदारांना हे दाखवलं तर काय म्हणतील?

त्यात २०२४ चा जून. १८ तारखेला परीक्षा झाली, नऊ लाखांवर मुलं बसली, दुसऱ्या दिवशी परीक्षा रद्द. ऑगस्टअखेर पुन्हा. जेआरएफला वयाची अट आहे, तिशीची, काहींना सवलत. तिशीच्या उंबरठ्यावरच्या मुलाला दोन महिने म्हणजे काय, हे परीक्षा घेणाऱ्यांच्या वेळापत्रकात कुठे लिहिलेलं नसतं.

एका गुणाने हुकलं तर काय बिघडतं, असं पालक विचारतात. बिघडतं. नेदरलँड्समध्ये तरुण संशोधकांच्या अनुदानांचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. उंबरठ्याच्या जेमतेम वर आलेले आणि जेमतेम खाली राहिलेले, म्हणजे गुणवत्तेत जवळजवळ सारखेच, यांची पुढची आठ वर्षं पाहिली. वर आलेल्यांना पुढे मिळालेला संशोधननिधी खाली राहिलेल्यांच्या दुपटीहून अधिक निघाला. आणि यातलं एक कारण फार चटका लावणारं आहे : हुकलेल्यांनी पुढे अर्जच कमी केले. रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये हे सांगून ठेवलं होतं की विज्ञानात ज्याला मिळालेलं असतं त्यालाच आणखी मिळत जातं. आपल्याकडे म्हणतात, ज्याच्या हाती ससा तो पारधी. म्हणून खास नवोदितांसाठीच्या पुरस्कारांना अर्थ आहे. आंतरराष्ट्रीय राज्यशास्त्र संघटना तिच्या जागतिक अधिवेशनात नव्या अभ्यासकांच्या निबंधाला फ्रान्सेस्को शेलबर्ग यांच्या नावाचा पुरस्कार देते. तिथे मोठ्या नावांशी स्पर्धा नसते. असे पुरस्कार मराठीत, आपल्या परिषदांत, प्रबंधांना का नसावेत? शाल-श्रीफळ निवृत्तांना देणं आता थांबवा. आमच्या घरी शाली ठेवायला जागा नाही.

जेआरएफ न मिळालेल्यांसाठी बाकीची दारं आहेत. भारतीय सामाजिक विज्ञान अनुसंधान परिषद, १९६९ ची, तिची डॉक्टरेटसाठीची फेलोशिप. केंद्रीय विद्यापीठांत नेटशिवायची फेलोशिप, महिना ८,०००. ती बंद करायचं २०१५ मध्ये ठरलं, तेव्हा मुलांनी दिल्लीत आयोगाच्या दारात ठिय्या दिला. अल्पसंख्याकांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप २०२२ मध्ये बंद झाली. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती आहेत. त्यांच्या मुलांना दर वर्ष-दोन वर्षांनी आझाद मैदानावर नाहीतर पुण्यात रस्त्यावर बसावं लागतं. २०२३ च्या डिसेंबरात विधान परिषदेत, पीएच.डी. करून काय दिवे लावणार, असा सवाल केला गेला. त्यावर एवढंच म्हणू की दिव्याला तेल लागतं आणि ते वेळेवर लागतं.

कारण आता ग्रँटसाहेबांसारखं कोणी बोलावून समज देत नाही. आता उशीर होतो. फाइल फिरत राहते. सहा महिने, आठ महिने. मुद्दाम होतं असं आम्ही म्हणत नाही, बहुतेक वेळा नुसती ढिलाईच असते. पण ज्याचे पैसे थकलेत त्या मुलाला ढिलाई आणि शिक्षा यांतला फरक कसा कळावा? तो तोंड मिटून घेतो, न जाणो फाइल आणखी मागे जाईल. हैदराबादच्या रोहित वेमुलाचा जानेवारी २०१६ मध्ये मृत्यू झाला. त्याने मागे ठेवलेल्या पत्रात सात महिन्यांच्या थकलेल्या फेलोशिपचा हिशेब होता. रानड्यांचे सहा महिने आम्ही मघाशी हसत हसत सांगितले. सगळ्यांची गोष्ट रानड्यांसारखी पुढे जात नाही.

तेव्हा जिन्यातल्या मित्रा, तुझ्या प्रश्नाचं दुरुस्त उत्तर असं. लिहिता येतं की नाही हे दाता कोण यावर जितकं अवलंबून आहे, त्याहून जास्त तीन गोष्टींवर आहे, आणि अर्ज करण्याआधी त्या विचारून घे. एक, निवडणारे कोण आहेत, त्यांत तुझ्या विषयाचे किती आणि दात्याचे किती. दोन, पैसे कोणत्या कागदावर, कोणाच्या सहीने सुटतात. ती सही तुझ्या प्रकरणातल्या मजकुराशी बांधलेली आहे की फक्त प्रगती अहवालाशी? तीन, बंद करायचे झाल्यास कारण लेखी द्यावं लागतं का आणि दाद मागायला वरचं कोणी आहे का. फुलब्राइटसारख्या परदेशी फेलोशिपलाही हेच लाव. ती सुरू झाली दुसऱ्या महायुद्धातलं उरलेलं लष्करी सामान विकून, आता भारतात फुलब्राइट-नेहरू नावाने दोन्ही सरकारं मिळून चालवतात. मूळ शोधत बसलास तर कोणताच पैसा सोवळा नाही. मुख्यमंत्री फेलोशिप, खासदारांच्या कार्यालयातली लॅम्प फेलोशिप, याही जरूर कर, सत्ता आतून कशी चालते ते कळेल. फक्त ते संशोधन नव्हे, ती उमेदवारी आहे, हे ध्यानात ठेव.

आणि विषय स्वतः होऊन छोटा करू नकोस. तो छोटा करायला आमच्यासारखे लोक टेबलाच्या पलीकडे बसलेले असतात. त्यांचं काम त्यांच्यावरच सोड.

प्रश्नोत्तरांना दहा मिनिटं आहेत असं संयोजक खुणावतायत. त्याआधी एक व्यवस्था सांगतो. पुढच्या महिन्यापासून पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी, संध्याकाळी पाच ते सात, आम्ही इथे खालच्या वाचनालयात बसणार आहोत. ज्यांना संशोधनाचा प्रस्ताव दाखवायचा असेल त्यांनी तो घेऊन यावा, मराठीत असला तरी चालेल. आठ पानांहून मोठा नको, आमचे डोळे आता थकलेत. पेन्सिल आमची आम्ही आणू.

हं, मागच्या रांगेत कोणीतरी हात वर केलाय. विचारा.